शिट्टीच्या आधीचे दहा सेकंद : कॉलेजची आइस हॉकी कशी बघावी आणि पेनल्टीवर वाद कसा घालावा

ऑगस्टमध्ये बॉस्टन, मॅडिसन, ॲन आर्बर किंवा मिनियापोलिसला एमएस करायला आलेल्या मराठी मुलामुलींना ऑक्टोबर लागला की एक आमंत्रण हमखास येतं : शुक्रवारी संध्याकाळी हॉकीला चल. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त पडतं, काही विद्यापीठांत फुकटही मिळतं, म्हणून बरेच जण जातात. तिथं गेल्यावर पक, म्हणजे खेळातली चकती, दिसत नाही. खेळाडू दर मिनिटाला बदलतात. मध्येच एकाला काचेमागच्या बाकावर नेऊन बसवतात आणि सगळं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागतं. पहिल्या मध्यंतरातच उठून गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांनी शेवटपर्यंत बसावं, एवढ्यासाठी हा लेख.

नवख्याने हा खेळ पेनल्टीपासून, म्हणजे चुकीबद्दल खेळाडूला बाहेर बसवण्याच्या शिक्षेपासून, शिकावा, असं माझं ठाम मत आहे. गोल कसा घडला हे कळायला एक-दोन महिने जातात, पण ‘त्याला बाहेर का काढलं?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. त्याचं उत्तर शोधता शोधता रिंक, वेग, दमणूक, डावपेच सगळं कळत जातं. फक्त ते उत्तर शिट्टीच्या क्षणात शोधू नका. ते बहुतेक वेळा शिट्टीच्या आठ-दहा सेकंद आधी सापडतं.

पायरी १ : रिंक ओळखा, नजर पकवरून काढा

रिंक साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. काही विद्यापीठांची याहून रुंद असते. मधोमध लाल रेष, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी रेष. निळ्या रेषांमुळे बर्फाचे तीन भाग पडतात : आपला बचावाचा भाग, मधला भाग आणि समोरच्यांचा भाग. गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. त्याच्यासमोर निळ्या रंगाचं अर्धवर्तुळ असतं, त्याला क्रीज म्हणतात. भोवती सगळीकडे फळ्या आणि वर काच. पक म्हणजे एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती. ती बर्फावर उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात : गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. वीस मिनिटांचे तीन डाव आणि मध्ये दोन मध्यंतरं. पाऊण-एक मिनिट पूर्ण ताकदीने स्केटिंग केल्यावर खेळाडू बाकावर परततो आणि दुसरा उडी मारून आत येतो. त्यासाठी खेळ थांबत नाही.

पकच्या मागे डोळे पळवू नका, ते शक्यही नाही. पक ज्याच्याकडे आहे त्याच्या खांद्यांकडे बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या सर्वांत जवळ असलेल्या विरोधकाकडे बघा. तो त्याच्या पुढे आहे, बरोबर आहे की मागे पडलाय? पेनल्टी बहुतेक वेळा मागे पडलेल्याकडून होते. पाय पोचत नाहीत तेव्हा हात आणि स्टिक पुढे येतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून पहिला डाव बघितलात तरी रेफरीचा हात वर जायच्या आधी दोन-तीनदा तुमच्याच तोंडून ‘आता गेला हा’ निघेल.

बसायला काचेला लागून पहिली रांग मिळाली तरी घेऊ नका. धडकेचा आवाज तिथं मोठा येतो, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय झालं ते दिसत नाही. कोपऱ्यात, पंधरा-वीस रांगा वर बसलं तर सगळी रिंक एका नजरेत येते. अंगावर जाड जॅकेट ठेवाच. बाहेर ऊन असलं तरी आत थंडीच असते.

पायरी २ : पेनल्टी नसलेल्या शिट्ट्या वेगळ्या काढा

नवख्यांचा गोंधळ होतो तो इथे. अर्ध्याअधिक शिट्ट्यांचा शिक्षेशी काही संबंध नसतो. पक निळी रेष ओलांडण्याआधी आक्रमक संघाचा कुणी आत शिरला तर ऑफसाइड. लाल रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे फेकला आणि कुणी अडवला नाही तर आइसिंग. तेव्हा फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) फेकणाऱ्याच्याच बचावभागात होतो, आणि त्या संघाला दमलेले खेळाडू बदलता येत नाहीत. गोलरक्षकाने पक दाबून धरला की शिट्टी, काचेवरून बाहेर गेला की शिट्टी.

यातला आइसिंगचा नियम पेनल्टीच्या दृष्टीने फार कामाचा आहे. दमलेले पाच जण बर्फावर अडकतात, समोर ताज्या दमाचे पाच जण येतात, आणि फेसऑफ आपल्याच गोलजवळ. पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत कुणीतरी कुणालातरी अडकवणार, पकडणार किंवा पाडणार, ही शक्यता खूप वाढते. दुसऱ्या डावातही असंच होतं. संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचावपटूंना आपला बाक लांब पडतो, बदली करायला वेळ मिळत नाही, आणि थकलेल्या पायांच्या पेनल्ट्या व्हायला लागतात. दुसरा डाव बघताना हे मुद्दाम तपासा.

बर्फावर चार पंच असतात. दंडावर नारिंगी पट्टी असलेले दोघे रेफरी पेनल्टी देतात. बाकीचे दोन लाइन्समन मुख्यतः ऑफसाइड, आइसिंग आणि फेसऑफ बघतात. लाइन्समनवर ‘पेनल्टी दिली नाहीस!’ म्हणून ओरडणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर भांडणं.

पायरी ३ : वर गेलेला हात

रेफरीने हात सरळ वर केला आणि तरी खेळ चालू आहे, असं दिसलं की समजा की पेनल्टी ठरली आहे, शिट्टी बाकी आहे. चूक करणाऱ्या संघाने पकचा ताबा घेतला की शिट्टी वाजते. तोपर्यंत ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला खेळत राहता येतं. म्हणून त्यांचा गोलरक्षक गोल सोडून बाकाकडे धावतो आणि सहावा आक्रमक आत येतो. गोल मोकळा दिसला तरी धोका जवळपास नसतो, कारण समोरच्यांनी पकला ताबा मिळेल असा हात लावताच खेळ थांबणार असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला गोलरक्षक पळून का गेला ते कळत नाही. तुमच्या शेजारी कुणी नवखं असेल तर हे त्यांना तुम्हीच सांगा.

शिट्टीनंतर रेफरी खुणेने कारण सांगतो. या खुणा पाठ करायला अर्धा तास पुरतो. हाताने गुडघ्याखाली पायावर फटका मारला तर ट्रिपिंग, म्हणजे पाडणं. दोन्ही मुठी पोटाकडे ओढल्या तर हुकिंग, स्टिकने अडकवून ओढणं. एका हाताने दुसरं मनगट पकडलं तर होल्डिंग. एका हाताने दुसऱ्या हातावर कुऱ्हाडीसारखा घाव घातला तर स्लॅशिंग. छातीवर दोन्ही हातांची फुली म्हणजे इंटरफिअरन्स, पक नसलेल्याला अडवणं. डोक्याच्या उंचीवर एकावर एक दोन मुठी म्हणजे हाय स्टिकिंग. छातीपासून पुढे ढकललेल्या दोन मुठी म्हणजे क्रॉस-चेकिंग. उघड्या तळव्यावर मूठ आपटली तर बोर्डिंग, फळ्यांवर धोकादायक रीतीने आदळणं.

पायरी ४ : मिनिटांचा हिशेब

मायनर म्हणजे दोन मिनिटं. संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं आणि समोरच्यांना पॉवर प्ले मिळतो. पॉवर प्लेवर गोल झाला की मायनर तिथंच संपते. साधारण पाच पॉवर प्लेंमधून एखादा गोल निघतो. चांगला संघ याहून थोडं बरं करतो. कमी माणसांनी खेळणाऱ्या संघाला आइसिंगचा नियम लागत नाही, म्हणून ते पक मिळताच पार दुसऱ्या टोकाला फेकतात आणि प्रेक्षक त्यावर टाळ्या वाजवतात.

मेजर म्हणजे पाच मिनिटं, आणि ही गोल झाला तरी संपत नाही. पाच मिनिटांत तीन गोल झाले तरी चौथ्यासाठी वेळ उरलेला असतो. अख्खा सामना एका मेजरवर फिरतो तो यामुळे. त्याशिवाय दहा मिनिटांची मिसकंडक्ट असते. तीत खेळाडू बसतो, पण संघ पूर्ण संख्येने खेळतो. गेम मिसकंडक्टमध्ये खेळाडूला उरलेल्या सामन्यातून बाहेर काढतात. सर्वांत वरची डिसक्वालिफिकेशन. तीत तो सामना तर जातोच, वर पुढच्या सामन्यातही बसावं लागतं.

टीव्हीवर एनएचएल या व्यावसायिक लीगचे तुकडे बघून आलेल्यांनी इथे आपली समजूत बदलावी. व्यावसायिक हॉकीत हातमोजे टाकून मारामारी केली तर पाच मिनिटं बसून खेळाडू परत येतो. कॉलेजमध्ये मारामारीला मेजर आणि डिसक्वालिफिकेशन दोन्ही आहे, आणि हंगामात पुन्हा केली तर बंदीचे सामने वाढत जातात. त्यामुळे इथे मारामाऱ्या क्वचितच दिसतात. शिट्टीनंतर एकमेकांची कॉलर धरून ढकलाढकली होते आणि लाइन्समन मध्ये पडतात. मला हा नियम मनापासून पटतो. कॉलेजचे खेळाडू चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा काच लावून खेळतात, तेही असंच रास्त आहे.

2025 च्या ऑगस्टपासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांनाही अमेरिकी कॉलेजांत खेळायची परवानगी मिळाली. गॅव्हिन मॅकेना हा खेळाडू पेन स्टेट विद्यापीठात आला तो याच बदलामुळे. अशा खेळाडूंना वेगळ्या शिस्तीची सवय असते, तेव्हा त्यांच्या पेनल्ट्यांकडे जरा लक्ष ठेवून बघण्यासारखं आहे.

पायरी ५ : आता वाद घाला

पेनल्टीवरचे बहुतेक वाद वाया जातात, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडत असतात. एक म्हणतो ‘नियम मोडला’, दुसरा म्हणतो ‘एवढ्याशा गोष्टीला कुणी शिट्टी मारतं का’. दोघंही बरोबर असू शकतात. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूवर भांडताना आपण चेंडू कुठे पडला, पॅडला कुठे लागला, यष्टीवर जात होता का, हे वेगवेगळं बोलतो. तीच सवय इथे लावायची आहे. पहिला प्रश्न : नियमात बसणारी चूक झाली का? दुसरा : तिने समोरच्याचं काही हिरावलं का, म्हणजे वेग, तोल, पकचा ताबा किंवा गोलची संधी? तिसरा : ती दोन मिनिटांची आहे की पाचची? यातल्या कोणत्या प्रश्नावर मतभेद आहे ते आधी ठरवा. निम्मे वाद तिथंच मिटतात.

हुकिंग घ्या. बचावपटू मागे पडलाय, त्याची स्टिक पुढच्याच्या कमरेला किंवा हाताला लागली आहे. स्टिक लागली म्हणजे लगेच पेनल्टी होत नाही. स्टिकने स्टिक उचलणं, पकवर ढोसणं चालतं. ती शरीरावर, विशेषतः हातांवर आडवी टेकली आणि पुढच्याची लय तुटली की रेफरीचा हात वर जातो. म्हणून स्टिककडे बघण्यापेक्षा ज्याला अडकवलं त्याच्या स्केट्सकडे बघा. त्याची पुढची ढांग छोटी पडली का? त्याचा शॉट हुकला का? छोटी पडली असेल तर स्टिक हलकी लागली होती की जोरात, हा वाद निरर्थक आहे.

ट्रिपिंगमध्ये लोक फक्त पडलेला माणूस बघतात. दोघांचे स्केट एकमेकांत अडकून दोघंही पडले तर ती चूक कुणाचीच नसते. पाय किंवा स्टिक वाटेत ठेवली गेली का, हे बघायचं. आणि पडणाऱ्याचे गुडघे आधी वाकले की स्पर्श आधी झाला, तेही बघा. मुद्दाम पडणं, लागलं नसताना मान मागे टाकणं यालाही दोन मिनिटं आहेत, त्याला एम्बेलिशमेंट म्हणतात. कधी दोघांनाही बसवतात : एकाने अडकवलं म्हणून, दुसऱ्याने नाटक केलं म्हणून. प्रेक्षकांना हा निर्णय कधीच आवडत नाही. मला तो बऱ्याचदा योग्य वाटतो.

इंटरफिअरन्सवर सर्वांत सभ्य आणि सर्वांत लांब वाद होतात. पक नुकताच सोडलेल्याला धडक द्यायला चालते, पण नुकताच म्हणजे किती? पासच्या वेळी धडक देणारा निघालेला असेल आणि त्याला थांबणं शक्य नसेल तर रेफरी सोडून देतो. पक गेलेला पाहून त्याने आणखी दोन ढांगा टाकल्या असतील तर नाही. ते दोन स्केटचे ठोके मोजा. गोलसमोर आपल्या आक्रमकासाठी वाट मोकळी करायला विरोधकाच्या आडवं उभं राहणं हेही यातच येतं. ते सहसा पकपासून लांब घडतं आणि प्रेक्षकांना दिसतच नाही. ‘काही नसताना शिट्टी मारली’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा हेच घडलेलं असतं.

आता गंभीर भाग : मागून दिलेली धडक आणि डोक्याला लागलेली धडक. फळ्यांपासून तीन-चार फुटांवर, पाठ फिरवून पक उकरणारा खेळाडू रिंकवर सर्वांत असहाय असतो. त्या अंतरावरून ढकलला तर तो हात पुढे न करता डोक्याने फळ्यांवर जातो. अगदी फळ्यांना चिकटलेला माणूस त्यामानाने सुरक्षित असतो. मागून फळ्यांवर दिलेल्या धडकेसाठी कॉलेज हॉकीत मेजर आणि सामन्याबाहेर काढणं हे नेहमीचं आहे. त्यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘तो शेवटच्या क्षणी वळला!’ कधीकधी ते खरंही असतं. तेव्हा धडक देणारा किती लांबून, किती वेगाने येत होता आणि त्याला पाठीवरचा नंबर दिसायला लागल्यावर थांबायला वाव होता का, हे बघा. दोन-तीन ढांगा नंबर दिसत असूनही तो आला असेल, तर वळण्याचा मुद्दा माझ्या मते संपतो.

डोक्याच्या बाबतीत उंच खेळाडूने बुटक्याला धडक दिली तेव्हा ‘त्याचा खांदा तिथंच येणार’ असं म्हणतात. पण उंच खेळाडूलाही गुडघे वाकवता येतात. पहिला आणि मुख्य स्पर्श डोक्याला होता का, आणि धडक देताना पाय बर्फावरून उचलले गेले का, या दोन गोष्टी रिप्लेमध्ये स्पष्ट दिसतात. मेजर द्यावी का, याबाबत रेफरी स्कोअररच्या टेबलाजवळ जाऊन व्हिडिओ बघू शकतात. स्टेडियममध्ये ते तीन-चार मिनिटं कंटाळवाणी वाटतात, पण विद्यार्थ्याच्या डोक्याचा प्रश्न असताना तेवढा वेळ गेलाच पाहिजे.

एक निर्णय, पुन्हा पुन्हा बघण्यासारखा

23 मार्च 2025 रोजी मिनियापोलिसच्या रिडर अरेनात महिलांचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला : विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट. हेच दोन संघ सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत समोरासमोर होते. 2023 मध्ये विस्कॉन्सिन 1-0 ने जिंकलं होतं, 2024 मध्ये ओहायो स्टेट 1-0 ने. या वेळी अर्धं मिनिटही उरलं नव्हतं आणि ओहायो स्टेट 3-2 ने पुढे होतं. त्यांच्या गोलसमोर झुंबड उडाली, पक क्रीजमध्ये अडकला, खेळ थांबला. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांनी दाद मागितली : गोलरक्षक नसलेल्या खेळाडूने क्रीजमध्ये पकवर हात झाकला. रेफरींनी व्हिडिओ बघितला आणि पेनल्टी शॉट दिला. 18.9 सेकंद बाकी असताना कर्स्टन सिम्स एकटी गोलरक्षकावर चालून गेली आणि तिने बरोबरी साधली. जादा वेळेत तिनेच गोल करून सामना 4-3 असा संपवला.

हे जॉन्सन म्हणजे 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध अमेरिकेकडून दोन गोल करणारे. दाद मागायची वेळ त्यांना अचूक कळली.

या निर्णयावर लोक अजून बोलतात, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न इथे स्वच्छ लागू पडतात. नियम मोडला का? क्रीजमध्ये पकवर हात झाकायची मुभा फक्त गोलरक्षकाला आहे. दुसऱ्या कुणी झाकला तर पेनल्टी शॉट, असा नियमच आहे. काही हिरावलं का? गोलरेषेच्या तोंडाशी सुटा पडलेला पक म्हणजे गोलची संधीच. शिक्षा योग्य होती का? बरेच जण म्हणतात, एवढ्या मोठ्या सामन्यात, शेवटच्या क्षणी असा निर्णय देऊ नये. मला हे मान्य नाही. पहिल्या मिनिटाला जी चूक आहे ती साठाव्या मिनिटालाही चूकच. शेवटी शेवटी शिट्टी गिळणारा रेफरी तटस्थ राहत नाही. चूक करणाऱ्याला तो फुकटची सूट देतो. मात्र ओहायो स्टेटच्या चाहत्यांचं दुःखही खरं आहे. झुंबडीत पडलेल्या खेळाडूला आपला हात कुठे आहे हे कळायला अंशभर सेकंद मिळतो.

महिलांच्या सामन्यांबद्दल आणखी एक गोष्ट. पुरुषांच्या हॉकीत पक असलेल्याला शरीराने धडक देणं हा खेळाचाच भाग आहे. महिलांच्या कॉलेज हॉकीत तशी धडक हीच पेनल्टी आहे. पकसाठी खांद्याला खांदा लावून झगडणं मात्र चालतं. त्यामुळे तिथे स्टिकचं कौशल्य आणि पास जास्त मोकळेपणी दिसतात, आणि नियम शिकायला हे सामने फार चांगले. शुक्रवारी पुरुषांचा सामना बघितलात तर रविवारी महिलांचाही बघा.

पायरी ६ : ‘रेफरी विकला गेलाय’ म्हणण्याआधी

फलकावर पेनल्ट्या सहा विरुद्ध दोन दिसल्या की पक्षपाताचा आरोप सुरू होतो. नुसत्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. पक ज्याच्याकडे जास्त, त्याला अडवावं लागतं कमी. पकच्या मागे धावणारा संघ जास्त चुका करतो, हे पहिल्या पायरीतच आलं. म्हणून आधी शॉट्सचा आकडा बघा. शॉट्समध्ये 35-18 असा फरक असेल तर पेनल्ट्यांतला फरक तिथूनच आलेला असू शकतो. शॉट्स बरोबरीचे असून पेनल्ट्या एकतर्फी असतील, तर मात्र एकेक निर्णय आठवून बोलायला जागा आहे.

‘मघाशी चुकीची दिली, म्हणून आता भरपाईची देतोय’ हाही लाडका आरोप आहे. तसं घडत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो मनातल्या हेतूबद्दलचा अंदाज झाला, आणि अंदाजावर वाद जिंकता येत नाही. त्यापेक्षा रेफरीची रेषा कुठे आहे ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखा. कुठल्या धक्क्याला तो शिट्टी मारतो, कुठला सोडतो? मग तक्रार करायचीच असेल तर अशी करा : ‘पहिल्या डावात आमच्या सात नंबरला ज्याच्यासाठी बसवलं, तेच त्यांनी आता केलं.’ अशा तक्रारीला उत्तर देणं समोरच्यालाही अवघड जातं.

नियम रेफरीलाही बांधतात, प्रशिक्षकालाही. प्रशिक्षकाला सामन्यात एकच टाइमआउट असतो. दाद मागितली आणि फेटाळली गेली तर तो जातो. म्हणून शेवटच्या डावात टाइमआउट कुणाकडे शिल्लक आहे, यावर लक्ष ठेवा.

पायरी ७ : गर्दीत बसताना

विद्यार्थ्यांचा विभाग आवाजी असतो. गोल झाला की समोरच्या गोलरक्षकाला ‘सिव्ह, सिव्ह’ (चाळणी, चाळणी) म्हणून चिडवतात. कॉर्नेलच्या लिना रिंकवर पाहुण्या संघाची ओळख करून देताना प्रेक्षक वर्तमानपत्रं उघडून वाचत बसतात, आणि हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात बर्फावर मासे फेकायची त्यांची जुनी प्रथा आहे. मिशिगनच्या योस्ट अरेनात विरोधक पेनल्टी बॉक्सकडे निघाला की सगळा विभाग एका सुरात त्याला निरोप देतो. या आरोळ्यांतले काही शब्द घरी सांगण्यासारखे नसतात. तेवढे सोडून बाकीच्यांत सामील व्हा. खेळाडू अठरा ते चोवीस वर्षांचे विद्यार्थी आहेत, उद्या ते तुमच्याच वर्गात शेजारी बसतील, हे लक्षात असू द्या. जखमी खेळाडू बर्फावर पडलेला असताना रेफरीला शिव्या देऊ नका. तो उठला की दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवतात, तुम्हीही वाजवा.

बॉस्टनमध्ये असाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी होणारा बीनपॉट चुकवू नका. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न हे बॉस्टन परिसरातले चार संघ 1952 पासून ही स्पर्धा खेळत आलेत. ॲरिझोनाच्या टेंपीत शिकत असाल तरी हॉकीला मुकणार नाही, तिथल्या मलेट अरेनात एएसयूचे (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे) सामने होतात. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ येतात आणि शेवटचे चार एप्रिलमध्ये फ्रोझन फोरला पोचतात. साखळी सामन्यात बरोबरी झाली तर पाच मिनिटं तिघांविरुद्ध तिघं खेळतात. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र पाचाविरुद्ध पाचच, वीस-वीस मिनिटांचे डाव, पहिला गोल होईपर्यंत. 2023 चा अंतिम सामना क्विनिपियाकने मिनेसोटाविरुद्ध जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला जिंकला, तेव्हा मध्यंतरानंतर जागेवर परतायला उशीर करू नका.

पायरी ८ : सामन्यानंतर

कॉलेज हॉकीत तेच दोन संघ बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ खेळतात. त्यामुळे अभ्यासाला एक रात्र मिळते. शुक्रवारी रात्री यजमान विद्यापीठाच्या क्रीडा पानावर सामन्याचा अधिकृत तक्ता येतो. त्यात प्रत्येक पेनल्टीची वेळ, खेळाडूचा नंबर, चुकीचं नाव आणि मिनिटं लिहिलेली असतात. तुम्हाला खटकलेल्या दोन पेनल्ट्या निवडा, त्यांची वेळ बघा आणि चित्रफितीत त्या वेळेच्या दहा सेकंद मागे जा. बदली कधी झाली होती, कोण किती वेळ बर्फावर होता, पक कुठून निसटला, हे बघा. दुसऱ्या दिवशी तेच खेळाडू तशाच दमलेल्या अवस्थेत दिसले की शेजारच्याला आधीच सांगा, आणि रेफरीचा हात वर जातो का ते बघा.